अजिंक्यताऱ्याचा कडा: मंगळाईचा बुरूज, औरंगजेबाचे सुरुंग आणि पाकोळ्यांची घरटी

(दृश्य: पहाट. दरवाज्याजवळून खाली दिसणारे सातारा शहर.)

नमस्कार. साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला अजिंक्यतारा पाहण्यासाठी मुद्दाम कुठे जावे लागत नाही. एसटी स्टँडवर उतरले, राजवाड्यापाशी चहा घेतला किंवा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तरी तो समोर उभाच असतो. मात्र आपण पाहतो तो बहुधा त्याचा माथा आणि त्यावरचे मनोरे. आज आपण त्याच्या खालचा काळा पट्टा, म्हणजे कडा पाहणार आहोत, कारण या गडाचा इतिहास, त्याच्या दंतकथा आणि इथले पक्षी या तिन्ही गोष्टी त्या कड्यालाच बांधलेल्या आहेत.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून सह्याद्रीचा हा काळा बेसाल्ट तयार झाला. हे थर सारखे नसतात. कठीण थर सरळ तुटतो आणि त्याची भिंत उभी राहते. मऊ थर झिजतो आणि तिथे कपारी पडतात. गड बांधणाऱ्याला वरची भिंत आयती मिळाली, कपारी मात्र त्याच्या काही कामाच्या नव्हत्या. त्या कोणाच्या उपयोगी पडल्या, ते पुढे येईलच.

हा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला, असे मानले जाते. पुढे तो बहमनी आणि आदिलशाही अमलाखाली गेला आणि १५८० मध्ये विजापूरच्या चांदबिबीला इथे कैदेत ठेवण्यात आले. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो स्वराज्यात घेतला. साताऱ्याच्या नावाविषयी प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट आहे. कोणी सात दरवाजे सांगतात, कोणी सात बुरूज, तर कोणी शहराभोवतीचे सात डोंगर बोटावर मोजून दाखवतात. अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर ही चार नावे झटपट येतात. पाचव्यापासून मोजणाऱ्यांची भांडणे सुरू होतात. माझ्या मते सात हा आकडा आधी ठरला असावा आणि डोंगर नंतर शोधले गेले असावेत.

(दृश्य: मंगळाईच्या देवळाकडे जाणारी पायवाट.)

आता इथे थोडे थांबू या, कारण गडाच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ या बाजूला घडला. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्यावर चालून आला. त्याची छावणी उत्तरेला करंज्याजवळ पडली आणि पश्चिमेला शहजादा आझमचा तळ होता. तिथल्या गावाला आजही शहापूर म्हणतात. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. वर चढू पाहणाऱ्या मोगलांवर गडावरून तोफांचा मारा तर होत होताच, पण मोठमोठे दगडही लोटले जात होते आणि कड्याच्या उतारावर एक धोंडा सुटला की वाटेत येणाऱ्याची खैर नव्हती. महिने उलटले, तरी शिड्या लावून काही साधेना, तेव्हा मोगलांनी तटाखाली भुयारे खणून त्यांत दारू ठासली.

१३ एप्रिल १७०० रोजी पहिल्या सुरुंगाला बत्ती दिली गेली आणि मंगळाईचा बुरूज उडाला. तटावरचे मराठे त्याखाली गाडले गेले. हल्ल्यासाठी मोगल सैन्य कड्याच्या पायथ्याशी दाटीवाटीने उभे होते आणि नेमक्या त्याच वेळी दुसरा सुरुंग उडाला. पण या वेळी तट आत न पडता बाहेर, त्यांच्याच अंगावर कोसळला. त्यात दीड ते दोन हजार माणसे मेली, असे आकडे दिले जातात. प्रयागजी प्रभू स्वतः ढिगाऱ्याखाली सापडले होते. देवीच्या देवळाजवळून त्यांना जिवंत उकरून काढण्यात आले आणि देवीनेच किल्लेदाराला वाचवले, अशी गडकऱ्यांची श्रद्धा बसली. दंतकथा म्हणून ही गोष्ट बाजूला सारण्याचे कारण नाही. प्रयागजी वाचले ही नोंदलेली घटना आहे. कोणी वाचवले, याचे उत्तर त्या दिवशी वर असलेल्या माणसांनी आपल्या परीने दिले.

एवढे होऊनही गड पडला नव्हता. पण राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाल्याची वार्ता आली, गडावरचे धान्य संपत आले आणि २१ एप्रिलला किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला. शहजाद्याच्या नावावरून त्याचे नाव आझमतारा झाले. राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई यांच्या माणसांनी तो परत घेतल्यावर आजचे नाव पडले. ‘अजिंक्य’ हा शब्द एकदा जिंकून घेतलेल्या गडाला दिला गेला, हे मला फार आवडते.

शाहू महाराजांना हा किल्ला कसा मिळाला, याची गोष्ट मात्र अंगावर काटा आणणारी आहे. गड ताराबाईंच्या बाजूच्या परशुरामपंत प्रतिनिधींच्या हाती होता आणि ते दार उघडत नव्हते. तेव्हा किल्ल्यावरचा अधिकारी शेख मिऱ्या याची बायकामुले वाईहून आणून त्यांना तोफेच्या तोंडी देण्याची धमकी देण्यात आली, असे सांगतात. शेख मिऱ्याने परशुरामपंतांनाच कैद केले आणि दरवाजा उघडला. जानेवारी १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, राजधानी हळूहळू पायथ्याशी उतरली आणि शाहूनगर वसले. पुढे १७५० मध्ये ताराबाईंनी शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजाला इथेच कैद केले आणि १८१८ मध्ये इंग्रजांचे निशाण चढले.

(दृश्य: कड्याची कडा. कॅमेरा खाली वळतो.)

आता कपारींकडे वळू. सकाळी नऊच्या सुमारास ऊन या काळ्या दगडावर पडले की दगड तापतो, त्याला लागून असलेली हवा वर उठते आणि शहरावर फिरणाऱ्या घारी पंख न हलवता तिच्यावर तरंगत आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. पक्ष्याची पाठ वरून पाहायला मिळणे, हे गडावर येण्याचे एक चांगले कारण आहे. हिवाळ्यात खरूची, म्हणजे छोटा शिकारी ससाणा, दिसली, तर तिच्यावरून नजर काढू नका. समोरून येणाऱ्या वाऱ्यात ती एका जागी पंख फडफडवत थांबते, शेपटीचा पंखा पसरते आणि गवतातला सरडा किंवा टोळ हेरते. त्याच दिवसांत तटाच्या दगडावर ताठ बसलेला निळसर पक्षी दिसला, तर तो निळा कस्तूर. तो उत्तरेकडून थंडीपुरता येतो. शाहीन ससाणा सह्याद्रीच्या अशाच उभ्या कड्यांवर, घरटे न बांधता, उघड्या कपारीत अंडी घालतो. म्हणून कड्याजवळ ड्रोन उडवणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे की हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत तो हट्ट सोडावा.

तटाच्या सांध्यांतला चुना निघून गेला की पोपट, साळुंक्या आणि पारवे तिथे राहायला येतात. संध्याकाळी मोरांचा आवाज शहापूरच्या बाजूने वर येतो आणि अंधार पडला की कातळावरून शृंगी घुबडाचा घुमणारा स्वर ऐकू येतो. या आवाजाला अपशकुनी मानणाऱ्यांनी घुबडाने ओकलेल्या गोळ्या एकदा काडीने उलगडून पाहाव्यात. त्यांत उंदरांची हाडे निघतात. धान्य संपल्यामुळे जो किल्ला सोडावा लागला, तिथे उंदीर मारणाऱ्याला कोणी अशुभ म्हणावे, हे मला कोडेच वाटते.

(दृश्य: दरवाज्याची कमान, आतून.)

शेवटी हे पाहा. गेल्या पावसाळ्यात मी सरींमुळे या कमानीखाली अडकलो होतो, तेव्हा काळपट रंगाची पाकोळी माझ्या डोक्यावरून आत शिरली. ही कड्याकपारीतली पाकोळी. तिच्या चोचीत वाटाण्याएवढी चिखलाची गोळी होती. ती तिने दगडाला चिकटवली, डोके थरथरवत दाबून बसवली आणि ती पुन्हा पावसात गेली. थोड्याच वेळात दुसरी आली. नर आणि मादी दोघे मिळून हे काम करतात. अर्ध्या वाटीच्या आकाराचे ते घरटे वर छत आणि मागे दगड बघूनच बांधलेले असते, त्यामुळे पाऊस आत येत नाही आणि सापालाही वर सरकायला जागा उरत नाही. जवळून पाहिले तर खालच्या गोळ्या वाळून पांढुरक्या झालेल्या दिसतात आणि वरची ओळ अजून ओली, काळी असते. मी पाऊण तास थांबलो, तेवढ्या वेळात ती ओळ बोटभर पुढे सरकली होती.