विमा नसलेली गाडी पकडली तर: दंड २,००० चा, बोजा सातबाऱ्यावर

नमस्कार मंडळी. गाडीचा इन्शुरन्स संपलाय असं कुणाला सांगा, जळगाव असो की धुळे की नंदुरबार, उत्तर ठरलेलं असतं: "काही व्हत नही भो, गाडी ते गावमाच फिरस." आज हे "काही होत नाही" आपण कायद्यासमोर उभं करून बघणार आहोत. अपघात दाव्यांची प्रकरणं मी जवळून बघतो, आणि विमा नसल्यामुळे एकाच अपघातात दोन घरं बसलेली बघवत नाहीत, म्हणून हा व्हिडिओ.

आधी पोलिसांनी अडवलं तर काय होतं ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त तेच विचारलं जातं.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. सार्वजनिक ठिकाणी थर्ड पार्टी विम्याशिवाय, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याशिवाय, गाडी चालवायची नाही. आता सार्वजनिक ठिकाण म्हटलं की लोकांना हायवेच आठवतो. पण जिथे लोकांना ये-जा करायचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्यात धरली जाते. गावातला पार, आठवडे बाजार, सगळ्यांच्या वापरातला शेतरस्ता, सगळंच. त्यामुळे "गावातच फिरते" याला कायद्यात काही किंमत नाही.

शिक्षा कलम १९६ मध्ये आहे. पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४,०००, कैद तेवढीच. २०१९ च्या दुरुस्तीआधी दंड १,००० होता. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर पोलीस तुम्हाला थेट आत टाकत नाहीत, कैदेचा निर्णय कोर्टाचा असतो, आणि बहुतेकांचं काम दंडावरच भागतं. म्हणूनच लोक निर्धास्त आहेत.

त्याच कलमातला एक शब्द मात्र नीट ऐका. जो चालवतो तो, आणि जो चालवू देतो तोसुद्धा. म्हणजे भाच्याला लग्नाच्या वरातीसाठी चावी दिली, शालकाला "भुसावळला जाऊन ये" म्हणून गाडी दिली, तर विमा नसलेल्या त्या गाडीसाठी तुम्हीही आरोपी होऊ शकता. गाडीत बसला नव्हता, घरी झोपला होता, याने फरक पडत नाही.

कागद जवळ नसले तर घाबरू नका. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन अ‍ॅपमधले कागद कायद्याने चालतात. आणि विमा संपला असेल तर तो लपतही नाही. गाडीचा नंबर टाकला की पॉलिसीची मुदत मोबाईलवर दिसते.

दंडाचं एवढंच. आता खरा विषय, अपघात.

(स्क्रीनवर: १५,००० रुपये महिना, वय ३५)

समजा, रावेरकडे केळीची कटाई करणारा, ट्रक भरणारा एक मजूर आहे. वय ३५. महिन्याला १५,००० कमावतो. घरी बायको, दोन पोरं, म्हातारी आई. तुमच्या गाडीने त्याला उडवलं आणि तो गेला. चूक तुमच्या ड्रायव्हरची. त्याच्या घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. तिथे भरपाई कुणाच्या मनावर ठरत नाही, सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०१७ मध्ये सूत्र घालून दिलंय. तेच सूत्र लावून बघू.

पगार १५,०००. माणूस चाळिशीच्या आतला, रोजंदारीवरचा, तर पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे. झाले २१,०००. घरात चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले १५,७५०. वर्षाचे झाले १,८९,०००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं. पस्तिशीच्या माणसासाठी गुणक आहे १६.

(स्क्रीनवर: ३०,२४,०००)

तीस लाख चोवीस हजार. अंत्यविधीचा खर्च, कुटुंबाने गमावलेली साथ, याचे पैसे वेगळे. वर व्याज, आणि व्याजाची सुरुवात दावा दाखल झाल्याच्या तारखेपासूनही धरता येते. पाच वर्षं केस चालली तर आकडा कुठे जाईल तुम्हीच बघा.

विमा असता तर हे पैसे कंपनीने भरले असते. थर्ड पार्टीत मृत्यू आणि शारीरिक इजेला रकमेची मर्यादा नाही, कोर्ट जेवढं म्हणेल तेवढं. विमा नसेल तर आरसी बुकावर ज्याचं नाव, तो आणि ड्रायव्हर.

लोक म्हणतात, "माझ्याकडे आहेच काय, काय घेणार?" कलम १७४ वाचा. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला पाठवू शकतं, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. थकबाकी कशी वसूल होते हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढतो. मग त्या जमिनीवर पीककर्ज घेणं, ती विकणं, सगळं अडतं. जप्ती, लिलाव हे त्याच्या पुढचं. न्यायाधिकरणाला दिवाणी कोर्टासारखी वसुली करायचेही अधिकार आहेत, म्हणजे बँक खातंही सुटत नाही. विम्याचा हप्ता वाचवलेल्या माणसाची वडिलोपार्जित दोन एकर अशी अडकते.

आणि समोरच्या घराचं काय? तुमच्याकडे जमीनच नसेल तर त्या मजुराच्या बायकोच्या हातात तीस लाखांचा निकाल येतो, पैसा येत नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. थर्ड पार्टी विमा तुमच्या गाडीसाठी नाहीच, तो त्या बाईसाठी आहे. म्हणूनच तो सक्तीचा आहे.

गाडीचंही ऐका. अपघातातली विम्याची गाडी सुपुर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा कोर्टात हजर करीन अशा लेखी हमीवर, सुटते. विमा नसेल तर मालकाने भरपाईपुरती जामीनकी दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि तीन महिन्यांत ती दिली नाही तर गाडीचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा करायचे, असे नियम करायला सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं.

आता आपल्या भागात हमखास होणाऱ्या दोन गोष्टी.

जुनी गाडी विकली, टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचा फॉर्म) सही केली, पैसे घेतले, विषय संपला असं आपण समजतो. घेणारा ते फॉर्म डिकीत ठेवून वर्षभर फिरतो, विमाही भरत नाही. अपघात झाला तर नोटीस कुणाला? आरसीवर नाव असलेल्याला, म्हणजे तुम्हाला. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा एमएच-१८ असो, १९ असो की ३९, गाडी नावावरून उतरली की नाही हे स्वतः बघा. विकणाऱ्यानेही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

दुसरी गोष्ट ट्रॅक्टरची. ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा काढलेलाच नसतो. ट्रॉली वेगळी नोंदते, तिचा विमाही वेगळा बघावा लागतो. शेतीकामाच्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीत मडगार्डवर बसलेला माणूस प्रवासी म्हणून धरलेला नसतो. कापूस वेचायला मजुरांना ट्रॉलीत भरून नेताना काही झालं, तर कंपनी पहिला आक्षेप हाच घेते.

अजून एक गैरसमज तर मला रोज भेटतो: "पॉलिसी संपली तरी ९० दिवस चालते." चालत नाही. ते ९० दिवस नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, टिकवण्यासाठी आहेत. पॉलिसीवर जी तारीख आणि वेळ छापली आहे, त्या मिनिटाला संरक्षण संपतं. सकाळी ठोकर झाली आणि दुपारी ऑनलाइन पॉलिसी काढली, तर ती सकाळच्या अपघाताला लागत नाही. पॉलिसीवर वेळ असते, कोर्ट ती बघतं.

आणि हे सगळं टाळायला खर्च किती? जून २०२२ पासूनच्या दरांनी ७५ ते १५० सीसीच्या मोटरसायकलचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ७१४ रुपये, १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारचा २,०९४, त्याच्या वर १,५०० सीसीपर्यंत ३,४१६, अधिक जीएसटी. यात तुमच्या स्वतःच्या गाडीची दुरुस्ती येत नाही, त्यासाठी फुल इन्शुरन्स लागतो. परवडत नसेल तर फुल नका काढू. थर्ड पार्टी मात्र चुकवू नका. सप्टेंबर २०१८ नंतर नवी घेतलेली गाडी असेल तर एक बघा: तेव्हापासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. सुरुवातीला एकदा काढला, म्हणून पुढे नूतनीकरण करायचं डोक्यातूनच निघून गेलेले खूप जण आहेत. त्यात तुम्ही नाही ना, बघून घ्या.

शेवटी, ज्यांच्या विमा नसलेल्या गाडीचा अपघात होऊन गेलाय त्यांच्यासाठी. पळू नका. जखमीला दवाखान्यात पोहोचवणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे कलम १३४ प्रमाणे तुमचं कर्तव्य आहे. नंतर मागच्या तारखेची पॉलिसी देतो म्हणणारा एजंट भेटेल, त्याच्या नादी लागलात तर बनावट कागदाचा गुन्हा वर चढेल. आणि न्यायाधिकरणाची नोटीस आली तर ती घ्या, वकील द्या, हजर राहा. नोटीस न घेतल्याने केस थांबत नाही, ती एकतर्फी चालते. चूक खरंच कुणाची होती, समोरच्याचीही थोडी होती का, त्याचं उत्पन्न सांगतात तेवढं होतं का, हे विचारायला तिथे तुमच्या बाजूचं कुणीच नसतं, आणि दावेदाराने मागितलेला आकडा तसाच मंजूर व्हायची शक्यता वाढते.

तुमची नोटीस आली असेल तर खाली कॉमेंटमध्ये फक्त अपघाताचं वर्ष आणि केस कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहा. नाव, गाडी नंबर लिहू नका. पुढचा व्हिडिओ त्या प्रश्नांवरच करतो.