केंद्रकाचं घड्याळ, शरीराचं घड्याळ

'अर्धायुष्य' हा शब्द ज्यांनी कुणी पाठ्यपुस्तकात आणला, त्यांच्याशी माझं थोडं भांडण आहे. हा शब्द कानावर पडला की आपण मनातल्या मनात दुपटीचा हिशेब करून मोकळे होतो. आयोडीन-१३१ या किरणोत्सारी द्रव्याचं अर्धायुष्य ८ दिवस, म्हणजे पूर्ण आयुष्य १६ दिवस, सुटलो! पण पहिल्या ८ दिवसांत निम्मे अणू फुटतात आणि पुढच्या ८ दिवसांत उरलेल्यांपैकी निम्मे. सोळाव्या दिवशी पाव भाग शिल्लक असतो, चोविसाव्या दिवशी अष्टमांश. अशी दहा अर्धायुष्यं उलटली की साधारण हजारावा भाग उरतो.

दुसरी खोट 'आयुष्य' याच शब्दात आहे. माणूस म्हातारा होतो, केंद्रक, म्हणजे अणूचा फुटणारा गाभा, होत नाही. काल तयार झालेलं केंद्रक आणि शंभर वर्षं टिकून राहिलेलं त्याच जातीचं केंद्रक, पुढच्या क्षणी फुटण्याची शक्यता दोघांची सारखीच. एकेका अणूबद्दल काहीही सांगता येत नाही, पण अणू कोट्यवधी झाले की हिशेब चोख जुळतो. भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्ड यांनी १९०० साली थोरियममधून निघणाऱ्या वायूवर हेच पाहिलं होतं: मिनिटागणिक त्याची तीव्रता साधारण निम्मी होत जायची. तापवा, दाबा, आम्लात बुडवा, या गतीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

आता नेहमीचा प्रश्न: अर्धायुष्य जितकं मोठं तितकं द्रव्य घातक, नाही का? बरेचदा उलटंच असतं. युरेनियम-२३८चं अर्धायुष्य साडेचार अब्ज वर्षं. त्याच्या १ ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे १२ हजार केंद्रकं फुटतात. आयोडीन-१३१च्या १ ग्रॅममध्ये? सुमारे ४६ लाख अब्ज. जे लवकर संपतं ते तेवढ्याच घाईनं उधळतं. आणि जे अतिशय लवकर संपतं, ते आपल्यापर्यंत पोचायच्या आधीच विरून जातं. त्रास देतात ती मधली मंडळी, दिवस ते दशकं या टापूतली.

पण नुसत्या या घड्याळावर सजीवांचं भवितव्य ठरत नाही. शरीराला किरणोत्सार ओळखता येत नाही, त्याला फक्त रसायनशास्त्र कळतं. थायरॉइड ग्रंथीला आयोडीन हवं असतं. ते साधं आहे की किरणोत्सारी, हे ती विचारत नाही. २६ एप्रिल १९८६च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर आयोडीन-१३१ गवतावर पडलं, गवत गाईंनी खाल्लं आणि दूध मुलांनी प्यायलं. मुलांची ग्रंथी छोटी, तेवढ्याच आयोडीनचा मारा तिच्यावर जास्त. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघाताच्या वेळी जी लहान मुलं होती त्यांच्यात २००५पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६ हजारांहून अधिक रुग्ण आढळले, आणि त्यातल्या मोठ्या हिश्श्याला हे दूध जबाबदार होतं. पोलंडनं वेळीच सुमारे १ कोटी मुलांना साधं आयोडीन पाजलं. ग्रंथी आधीच भरलेली असली की नव्याला जागा मिळत नाही.

इथं दुसरं घड्याळ येतं, ज्याला जैविक अर्धायुष्य म्हणतात: एखाद्या द्रव्यापैकी निम्मा भाग शरीर किती काळात बाहेर टाकतं, तो काळ. सीझियम-१३७ घ्या. भौतिक अर्धायुष्य ३० वर्षं. पण शरीर त्याला पोटॅशियमचा भाऊबंद समजतं, स्नायूंत पसरवतं आणि लघवीवाटे बाहेर सोडतं. प्रौढ माणसात तीन महिन्यांच्या आसपास त्यातलं निम्मं निघून जातं. म्हणजे इथं तीस वर्षांचा आकडा जवळपास निरुपयोगी ठरतो.

शरीराचं घड्याळ पुढंही ढकलता येतं. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानियात एका बंद पडलेल्या रुग्णालयातून उपचारयंत्राचा भाग भंगारात गेला. आत १०० ग्रॅमहून कमी सीझियम क्लोराइड होतं. अंधारात निळसर चमकणारी ती भुकटी लोकांनी कौतुकानं घरी नेली, वाटली, अंगाला लावली. चार जण दगावले, त्यात एक लहान मुलगी होती. अंगावर किंवा शरीरात सीझियम आढळलेले २४९ जण होते. त्यांच्यापैकी अनेकांना डॉक्टरांनी प्रशियन ब्ल्यू दिलं, हो, तोच चित्रकारांचा निळा रंग! तो आतड्यात सीझियमला धरून ठेवतो आणि पुन्हा रक्तात शिरू देत नाही. जैविक अर्धायुष्य त्यामुळे महिन्याभरावर येतं.

स्ट्राँशियम-९० मात्र खरा चिवट. अर्धायुष्य सीझियमइतकंच, २९ वर्षांच्या आसपास, पण शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि हाडात बसवतं. तिथून ते वर्षानुवर्षं हलत नाही. शेजारीच अस्थिमज्जा, जिथं पेशी सतत विभागत असतात, आणि किरणांचा फटका विभागणाऱ्या पेशींनाच जास्त बसतो. डीएनएचा एक धागा तुटला तर पेशी तो सांधते. दोन्ही एकदम तुटले तर सांधा चुकू शकतो, मग पेशी मरते किंवा बिघडलेली नक्कल पुढं पाठवते. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं स्ट्राँशियम मोजलं गेलं. अणुचाचण्यांची धूळ कुठं पोचली, याचा पुरावा दातांनी दिला.

याउलट ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप. भौतिक अर्धायुष्य १२ वर्षं, पण पाण्याच्या रूपात आलं तर दहाएक दिवसांत निम्मं शरीराबाहेर.

जंगलात मात्र तिसरंच घड्याळ चालतं. जर्मनीतल्या बव्हेरियात चेर्नोबिलनंतर हरणांच्या मांसातलं सीझियम हळूहळू उतरलं, रानडुकरांचं फारसं उतरलं नाही. त्यांच्या शरीरातून सीझियम बाहेर पडतच असतं, पण हिवाळ्यात ती जमीन उकरून मातीखालची बुरशीची गोळ्यांसारखी फळं खातात. सीझियम मातीत अगदी सावकाश खाली झिरपतं आणि त्या फळांत साठत राहतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीझियम-१३५ आणि सीझियम-१३७ या दोन रूपांचं एकमेकांशी प्रमाण मोजलं गेलं, कारण बॉम्ब आणि अणुभट्टी यांतून ते वेगवेगळं निघतं. डुकरांच्या मांसातल्या सीझियमचा एक लक्षणीय वाटा चेर्नोबिलचा नव्हताच. तो साठच्या दशकातल्या आणि त्याआधीच्या अणुचाचण्यांचा होता, साठएक वर्षांत, म्हणजे दोन अर्धायुष्यांत, जेमतेम त्या फळांपर्यंत पोचलेला.