रात्री उतरणारा वारा

(दृश्य: मावळतीनंतरचा डोंगरउतार)

सूर्य मावळलाय, आभाळ निरभ्र आहे. झाडाचं पानही हलत नाही. हवा पडली, असं आपण म्हणतो. पण उघड्या उतारावर वाकून घोट्याशी हात धरा. गार झुळूक लागेल, आणि ती वरून खाली येत असेल.

निरभ्र रात्री जमीन भराभर निवते. तिला लागून असलेली हवाही गार होते, जड होते आणि उतारावरून घसरू लागते. थर जेमतेम काही मीटरांचा, वेग माणसाच्या चालीइतका. ओहोळ मिळून नदी व्हावी तसे हे प्रवाह घळींतून उतरून एकत्र येतात आणि दरीच्या खालच्या अंगाला वारा वाहू लागतो. भूगोलातले पर्वतीय वारे ते हेच.

हवेत जे असेल ते त्यांच्यासोबत निघतं. वणव्याचा धूर, बुरशीचे बीजाणू, जंगलाने रात्री सोडलेला कार्बन डायऑक्साइडसुद्धा. मनोऱ्यांवर उपकरणं लावून तो मोजणाऱ्यांना हा वारा चांगलाच छळतो. वायू उपकरणापर्यंत चढायच्या आत उताराने पसार झालेला असतो!

(दृश्य: रात्र, कारखान्याचं धुराडं)

आता हा धूर बघा. थोडा वर चढतो, वाकतो आणि सपाट पट्टा होऊन आडवा पसरतो. तळाशी गार हवा, तिच्यावर उबदार हवा. म्हणजे तापमानाची विपरीतता. वरची वाट बंद, दोन्ही अंगांना डोंगर. खाली झोपलेल्या वस्तीला कदाचित वासही येत नाही.

कॅनडातल्या ट्रेल गावी, कोलंबिया नदीच्या दरीत, शिसं आणि जस्त गाळणाऱ्या कारखान्याने १९२०च्या दशकात ४०९ फुटांची दोन धुराडी उभारली. उंच धुराडं म्हणजे सुटका, हा हिशोब मैदानात एक वेळ चालेल. इथे अमेरिकेची हद्द जेमतेम ११ किलोमीटरवर. सल्फर डायऑक्साइड दरीतून पलीकडे जाई आणि वॉशिंग्टन राज्यातली पिकं, झाडं करपत. प्रकरण दोन्ही देशांच्या लवादापुढे गेलं.

तिथल्या मोजणीत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एकमेकांपासून कित्येक किलोमीटर लांबच्या ठिकाणी हा वायू सकाळी जवळपास एकाच वेळी वाढायचा. जवळ आधी, लांब नंतर, असा क्रमच नाही. कारण रात्रभरात तो दरीवर आधीच पसरलेला असे. ऊन पडलं की तळची हवा तापून उसळते, त्या थराला भिडते आणि धूर घुसळून जमिनीवर आणते.

१९४१च्या अंतिम निवाड्यात म्हणूनच वायू किती सोडायचा याची मर्यादा दिवसाची वेळ, पिकांचा हंगाम आणि वाऱ्याची स्थिती यांवर बांधून दिली गेली.