घर स्वस्तही हवं आणि भाव चढताही हवा

नमस्कार मंडळी. आज घरांच्या किमती आणि त्यात सरकारने काय करावं याबद्दल बोलू, कारण हा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात, एक 'सरकारने काहीतरी करायला पाहिजे' आणि दुसरं 'सरकारने मध्ये पडू नये', आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, फक्त मधल्या काळात त्याचं घर घेऊन झालेलं असतं.

खरी गोची इथेच आहे बघा. ज्याला घर नाही त्याला भाव उतरायला हवेत, आणि ज्याने वीस वर्षांचं लोन डोक्यावर घेतलंय त्याला भाव पडतील या नुसत्या विचारानेच धडकी भरते. मतं मात्र दोघांचीही लागतात. मग भावाला हातच लावायचा नाही, खरेदीदाराच्या हातात पैसे ठेवायचे, सबसिडी द्या, व्याजावर टॅक्सची सूट द्या, स्वस्तात कर्ज द्या. ऐकायला झकास, पण घरं तेवढीच आणि घेणाऱ्याच्या खिशात पैसे जास्त, म्हणजे आकडा वर जाणारच ना. ब्रिटनमध्ये २०१३ साली 'हेल्प टू बाय' आली, नव्या घराच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत सरकार कर्ज द्यायचं, पहिली पाच वर्षं बिनव्याजी, लंडनसाठी तर पुढे ते ४० टक्के केलं. नंतर अभ्यासकांनी तपासलं तर लंडनमध्ये, जिथे बांधायला जागाच मिळत नाही, तिथे घरं काही वाढली नाहीत, भाव तेवढे वाढले, आणि वेल्सच्या सीमेवर जिथे जागा मोकळी होती तिथे बांधकाम वाढलं नि भाव फारसा हलला नाही. योजना तीच हं.

बरं मग वरून झाकणच लावलं तर? बर्लिनने २०२० मध्ये घरभाडी गोठवली, आत राहणाऱ्यांचं भागलं, पण नवीन शोधणाऱ्यांना जाहिरातीच दिसेनात, आणि २०२१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक कोर्टाने कायदा रद्द केला, कारण हा अधिकार शहराचा नाहीच म्हणे.

आता सिंगापूर. तिथे सरकारने १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ काढलं, १९६६ च्या कायद्याने जमिनी ताब्यात घेतल्या, १९६८ पासून लोकांना पीएफमधून फ्लॅटचे पैसे भरू दिले, आणि आज तिथले जवळपास ८० टक्के रहिवासी सरकारने बांधलेल्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि त्यातले बहुतेक भाड्याने नाही, विकत घेऊन. पण अटी बघा, मालकी ९९ वर्षांच्या लीजची, निदान पाच वर्षं स्वतः राहिल्याशिवाय विकता येत नाही, आणि परदेशी माणसाने खाजगी घर घेतलं तर २०२३ पासून जादा स्टॅम्प ड्यूटी तब्बल ६० टक्के. म्हणजे नुसते पैसे वाटले नाहीत, जमीन हातात ठेवली. एवढं करूनही मोक्याच्या ठिकाणचे जुने फ्लॅट दहा लाख सिंगापूर डॉलरच्या वर विकले जातातच, आणि लीज संपत आलं की पुढे काय हा घोर आहेच.

सगळ्या सरकारांना एवढी जमीन घेणं जमणार नाही, मान्य. पण न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने जमीन न घेताच एक केलं, २०१६ मध्ये शहराच्या बऱ्याच भागात एका बंगल्याच्या जागी जास्त घरं बांधायची मुभा दिली, आणि बांधकामाचे परवाने भराभर वाढले. पैसा फारसा लागत नाही यात, लागते ती शेजारच्या बंगलेवाल्यांची नाराजी झेलायची तयारी, आणि ती कुठल्याच बजेटमध्ये मिळत नाही हो!

आणि घर स्वतःचंच कशाला हवं हाही प्रश्न आहेच, स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून जास्त लोक भाड्यानेच राहतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण आज वेळ झाली, भाडेकरूंची गोष्ट पुढच्या वेळी काढू. नमस्कार.