बटन दाबलं, सेल्फ उचलला का?

(दृश्य: उद्यमबागेतला ऑटो इलेक्ट्रिशियनचा गाळा. बॉनेट उघडलेली जुनी ब्रिटिश मोटार, मॉरिस मायनर. शेजारच्या शेडमधून लेथचा आवाज.)

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि लेथ यांची कमतरता नाही. त्यामुळे जुन्या गाडीचा एखादा भाग बाजारात मिळाला नाही, तरी इथला माणूस हबकत नाही. ‘करून घेऊ की,’ म्हणतो. पितळेचं स्टार्टर बटन तर त्याला किरकोळच. अडतं ते बटनाच्या मागच्या वायरिंगपाशी.

ही मॉरिस खानापूरहून आली आहे. मालक तरुण आहे. त्यानं ऑनलाइन एक बटन मागवलंय: लाल, गोल, भोवती एलईडीचं कडं आणि वर ‘इंजिन स्टार्ट’.

“मामा, एवढं बसवून द्या. दोन वायरी तर आहेत.”

“दोनच आहेत, तेच तर बघायला लागतंय. गाडीची अर्थिंग कुठली, प्लस का मायनस?”

(दृश्य: बॅटरीचे टर्मिनल जवळून.)

प्रश्न नेमका आहे. मॉरिसच्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. आजचं एलईडी बटन मायनस अर्थिंग गृहीत धरून बनतं. गाडी न बघता जोडलं तर दिवा लागत नाही. नशीब वाईट असेल तर आतलं सर्किटच जातं.

मोटारीला विजेचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर, आला तो १९१२च्या कॅडिलॅकपासून. चार्ल्स केटरिंग यांनी तो घडवला. त्याआधी बहुतेक गाड्यांना हँडलच मारायचं. ते उलट फिरलं तर मनगट गेलंच. पण सेल्फ आला म्हणून किल्लीनंच गाडी सुरू होऊ लागली असं नाही. सुरुवातीच्या मॉरिस मायनरमध्ये किल्लीनं फक्त इग्निशन चालू व्हायचं. सेल्फसाठी डॅशवरची मूठ ओढायची. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला सेल्फचा स्विच पायाशी, आणि पुढच्या उत्पादनात तर इग्निशनला किल्लीच नाही, नुसता दांडा. रणांगणावर किल्ल्या कोण सांभाळणार?

या जुन्या रचना बावळट दिसतात, पण त्यांत अक्कल होती. सेल्फ फिरताना बॅटरीतून शंभर-दोनशे अँपियर सहज ओढले जातात. एवढा करंट डॅशपर्यंत आणायचाच नाही, म्हणून ती मूठ तारेनं बॉनेटखालचा जाड स्विच ओढायची. पुढं सोलेनॉइड आला, म्हणजे विजेच्या चुंबकानं चालणारा जाड स्विच. बटनानं त्याला फक्त इशारा द्यायचा, जड करंट त्यानं जोडायचा. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या काही सोलेनॉइडवर रबराचं बोंडही असायचं. बॉनेट उघडून ते अंगठ्यानं दाबलं तरी सेल्फ फिरतो, म्हणून जुने मिस्त्री दोष शोधताना आधी तिथंच हात घालतात.

(दृश्य: उघडलेला डुप्लिकेट इग्निशन स्विच. काळे पडलेले कॉन्टॅक्ट.)

गोंधळ होतो तो नव्या स्टार्टरबरोबर. ज्या स्टार्टरच्या अंगावरच सोलेनॉइड असतो, तो पिनियन, म्हणजे इंजिनात अडकणारं छोटं दातेरी चाक, ढकलताना क्षणभर तीस-चाळीस अँपियर मागू शकतो. बारीक बटनाचे कॉन्टॅक्ट तेवढ्यानं जळतात, कधी चिकटूनही बसतात. मग बोट काढलं तरी सेल्फ फिरतच राहतो आणि लोक बॅटरीची केबल उपटायला धावतात.

इलाज स्वस्त आहे: रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा छोटा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या टोकाला बॅटरीची फ्यूज घातलेली वायर, ८७ वरून सोलेनॉइड, ८५ आणि ८६ मध्ये बटनाची लाइन. बटनातून मग एक अँपियरसुद्धा जात नाही. एलईडीची लाइन मिस्त्री वेगळी ओढतात आणि बटनाला करंट देतात तो इग्निशन चालू झाल्यावरच. नाहीतर गिअरमध्ये उभ्या गाडीत पोरानं बटन दाबलं, की गाडी समोरच्या भिंतीवर. हे अतिशयोक्तीनं सांगत नाही. जुन्या गाडीत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न फिरण्याची सोय सहसा नसते.

(दृश्य: मल्टिमीटर. कॉइलच्या टर्मिनलवर सुई.)

किल्लीचा स्विच बदलला असेल तर आणखी एक खोड निघते. सेल्फ फिरतो, गाडी सुटत नाही. किल्ली सोडली की नेमकी त्याच क्षणी एक फट् होते. लोक कार्बोरेटर खोलतात, पॉइंट घासतात. दोष असतो स्विचमध्ये: काही स्विच ‘स्टार्ट’वर गेल्यावर दुसऱ्या लाइनी तोडतात, आणि ठिणगी देणारी इग्निशन कॉइल नेमकी तसल्याच लाइनीवर जोडलेली असते. सेल्फ फिरताना कॉइलवर मीटर धरला की दोन मिनिटांत कळतं. माझ्या मते नवा स्विच घेताना त्याच्या चकाकीपेक्षा हे आधी तपासावं.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात तर उघडे टर्मिनल हिरवे पडायला एक पावसाळा पुरतो. म्हणून इथं रिले डॅशच्या आत, तोंड खाली करून बसवतात.

डॅशला भोक पाडू का, यावर मात्र मामा हटून आहेत. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण तिची चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात राखलेलं असावं लागतं. बटनानं नोंदणी अडेल असं त्यांचं म्हणणं नाही. पण जुन्या पत्र्याला पाडलेलं भोक परत बुजत नाही.

“मग बसवायचं कुठं, मामा?”

“डॅशखाली पट्टी लावतो. जुनी मूठ आहे तशी राहू दे. बटन बिघडलं तर ती ओढ, आणि ये घरी.”