सांध्यापर्यंतचा हिशोब

पडद्यावरच्या आकृतीत छतापासून खाली आलेल्या एकाच पोलादी गजाला दोन पादचारी पूल एकाखाली एक टांगलेले दिसतात. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलसाठी मूळ रचना अशी होती. एवढा लांब गज बसवणे अडचणीचे ठरेल म्हणून त्याऐवजी दोन गज वापरायचे ठरले आणि खालचा पूल छताऐवजी वरच्या पुलाच्या तुळईलाच टांगला गेला. एकूण वजन तेवढेच राहिले. परंतु वरच्या तुळईखालचा जो नट केवळ एका पुलाचा भार घेणार होता, त्याच्यावर आता दोन्ही पुलांचा भार आला. १७ जुलै १९८१ रोजी तो सांधा तुटला आणि ११४ माणसे दगावली. मूळ सांधाही नियमात अपेक्षित असलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच होता, हे चौकशीत आढळले.

बदललेल्या शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे कारखान्याने सुटे भाग बनवण्यासाठी काढलेल्या नकाशावर, अभियंत्याचा शिक्का होता. म्हणून कारखान्याकडून किंवा साइटवरून आलेला बदल कितीही किरकोळ वाटला, तरी शिक्का मारण्याआधी त्या सांध्याचा फ्री बॉडी डायग्राम (सांधा वेगळा काढून त्यावरचे सर्व भार दाखवणारी आकृती) स्वतःच्या हाताने काढावा आणि भार आधी कोठून जात होता व आता कोठून जाणार आहे, हे बाणांनी दाखवावे. या कामाला दहा मिनिटे लागतात, आणि ती वाचवण्याचे कोणतेही कारण मला पटत नाही.

संगणकाने केलेल्या रचनेच्या गणितालाही हाच नियम लागू आहे. आधारांवरील प्रतिक्रियांची (आधार जो भार उलट पेलतात त्याची) बेरीज एकूण भाराइतकी येते का, हे प्रथम पाहावे. मग एखाद्या तुळईचे वाकण साध्या सूत्राने काढून ताडून पाहावे. हार्टफर्ड येथील क्रीडागृहाच्या छताचे वाकण उभारणीच्या वेळीच गणितापेक्षा सुमारे दुप्पट मोजले गेले होते, तरी काम पुढे चालू राहिले. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने ते छत कोसळले; काही तासांपूर्वीच तेथे हजारो प्रेक्षक बसलेले होते. दाब सोसणाऱ्या वरच्या दांड्यांना बाजूने जो आधार मिळेल असे गणितात धरले होते, तो प्रत्यक्षातील सांध्यांनी पुरेसा दिला नव्हता. मोजमाप आणि गणित जुळत नसेल, तर गणितातले कोणते गृहीत चुकले हे सापडेपर्यंत पुढचा टप्पा सुरू करू नये.

काँक्रीटच्या कामात हा फरक फार लवकर झाकला जातो. पुढे आलेल्या कॅन्टिलिव्हर (एकाच बाजूला आधार असलेल्या) स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या बाजूला असते. स्लॅबची जाडी १५० मिलिमीटर, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) २० आणि सळई १० मिलिमीटरची असेल, तर परिणामकारक खोली, म्हणजे स्लॅबच्या खालच्या पृष्ठापासून सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर, १२५ मिलिमीटर मिळते. ओतकामाच्या वेळी पायाखाली दबून तीच सळई ४० मिलिमीटर खाली गेली, तर खोली ८५ उरते आणि वाकण पेलण्याची ताकद जवळपास एक तृतीयांशाने घटते. साचा काढल्यावर हे डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे चेअरची (वरची सळई उचलून धरणाऱ्या आधाराची) उंची व अंतर ड्रॉइंगवरच लिहावे, कामगारांना चालण्यासाठी सळईला न टेकणाऱ्या फळ्या टाकाव्यात, आणि सळई खाली बसलेली दिसताच काँक्रीट थांबवण्याचा अधिकार साइटवर कोणाकडे आहे, हे ओतकामाच्या आदल्या दिवशीच लेखी ठरवावे.