आम्हाला कुणी विचारलंच नाही

मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर जे नातेवाईक बसलेले असतात ना, त्यांच्याशेजारी जाऊन बसायचं आणि त्यांच्याशी अवयवदानाबद्दल बोलायचं, हे माझं काम. आज मला किडनीवर बोला असं सांगितलंय, पण त्याआधी एका वडिलांबद्दल सांगते. मुलगा बावीस वर्षांचा, बाइक घसरली, हेल्मेट नव्हतं, चार दिवस व्हेंटिलेटरवर होता आणि गेला. वर्षश्राद्ध झाल्यावर ते मला एका कार्यक्रमात भेटले आणि म्हणाले, मॅडम, आम्ही दिल्या असत्या हो किडन्या, आम्हाला कुणी विचारलंच नाही. हॉस्पिटलचं नाव मी घेणार नाही, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

लोक घाबरतात, पुढच्या जन्मी अवयव नसतील म्हणतात, म्हणून डोनर मिळत नाहीत, असं आपण सगळे सहज बोलून जातो. असे लोक भेटतात मलाही. पण मी इतकी वर्षं बघतेय, जास्त किडन्या वाया जातात त्या नकाराच्या आधीच, पेशंट ब्रेन डेड आहे हे कागदावर कुणी लिहितच नाही तेव्हा.

आता ब्रेन डेथ म्हणजे कोमा नाही हं, कोमातला माणूस परत येऊ शकतो. ब्रेन डेथमध्ये मेंदूचा देठ मरतो, श्वास तिथूनच चालतो, त्यामुळे छाती वरखाली होताना दिसते ती मशीनमुळे, आणि हृदयाचे ठोके हृदयातच तयार होतात म्हणून ऑक्सिजन मिळतोय तोवर ते चालू राहतं, काही तास, कधी काही दिवस. तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. घरी माणूस गेला तर डोळे देता येतात, किडनी नाही देता येत.

अवयवदानाच्या 1994 च्या कायद्याप्रमाणे पेशंट ब्रेन डेड आहे का हे चार डॉक्टर तपासतात, निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा, आणि ट्रान्सप्लांट करणाऱ्या टीममधला डॉक्टर त्यात चालत नाही. व्हेंटिलेटर थोडा वेळ बाजूला करून पेशंट स्वतःहून श्वास घेतो का तेही बघतात. 2011 च्या दुरुस्तीने तर नातेवाइकांना विचारणं ही हॉस्पिटलची जबाबदारीच केली. पण जिल्ह्याच्या गावात न्यूरोचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, चौघं एकत्र जमवायचे कसे, अ‍ॅक्सिडेंट असला की पोलीस, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, आणि एवढं करून नातेवाईक भडकले तर काय ही भीती. ती भीती मला समजते, रात्री दोन वाजता एकट्या डॉक्टरवर ते सगळं येतं.

आणखी एक गोष्ट फार गोंधळ करते. आपल्याकडे कायद्यात ब्रेन डेथ आलीय ती फक्त या अवयवदानाच्या कायद्यात. म्हणून घरच्यांनी अवयव द्यायला नको म्हटलं की व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतात, मशीन चालूच राहतं, बिल वाढत राहतं, आणि घरचे विचारतात की गेलाय म्हणता मग मशीन का लावून ठेवलंय? अगदी बरोबर प्रश्न आहे. तिथेच विश्वास तुटतो आणि गावभर पसरतं की किडनीसाठी माणसाला मेला म्हणाले.

आणि खरं सांगू, आपण सुरुवात केली होती ती मृत दात्यापासूनच. 1965 साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये देशातला पहिला किडनी ट्रान्सप्लांटचा प्रयत्न झाला, तो मृत माणसाच्या किडनीने, पेशंट वाचला नाही. मग 1971 ला वेल्लोरला जिवंत दात्याचं जमलं, आणि आपण त्याच वाटेवर राहिलो. 2023 मध्ये देशात तेरा हजारांवर किडनी ट्रान्सप्लांट झाले, त्यात आठातला साधारण एकच मृत दात्याकडून, बाकी किडन्या जिवंत माणसांच्या. माझ्या फायली उघडल्या तर देणारी बहुतेक वेळा बायकोच नाहीतर आई. ज्याच्या घरात कुणाचं मॅच होत नाही, तो आठवड्यातून दोनतीनदा चार-चार तास डायलिसिसवर, पाणी ग्लासाने मोजून, आणि लघवी बऱ्याच जणांची बंदच झालेली असते.

विचारायचं कसं, हे मी शिकले ते चुका करून. पहिल्या वर्षी मी डॉक्टरांच्या मागोमाग आत गेले, मुलगा गेला हे आईला कळलं त्याच मिनिटाला मी फॉर्म काढला. अजून वाईट वाटतं मला. आता मी तसं करत नाही, आधी डॉक्टर सांगतात, घरचे रडतात, मामा-काका येतात, तोवर मी फक्त बसून असते, कुणाचं बीपी वाढलंय का, कुणी काही खाल्लंय का बघते. मग मी मुलाबद्दल विचारते, तो कसा होता, काय करायचा, आणि त्यानंतर किडनीचं. नाही म्हणाले तरी मी उठून जात नाही, बॉडी ताब्यात मिळेपर्यंत थांबते.

अवयवदानाचं कार्ड भरा तुम्ही जरूर, पण कार्ड पाकिटात ठेवून घरी कुणाला सांगितलंच नाही तर उपयोग नाही, कारण शेवटी सही घरच्यांचीच लागते. आज जेवताना सांगा.

एक आई मला दर दिवाळीला फोन करते. किडनी काय करते हे मी तिला त्या बाकड्यावरच सांगितलं होतं. ती विचारते, ताई, ज्याला दिली त्याला लघवी नीट होते ना? नाव, गाव मी सांगू शकत नाही. मी म्हणते, हो मावशी, होते.